डिकीतला तिसरा हात

ऑक्टोबर आला की डोंबिवलीतली हवा हलायची थांबते. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि दुपारी पंखा पाचावर ठेवला तरी तो आपल्यासाठी फिरतोय की स्वतःसाठी, ते कळत नाही. यंदा त्यात भर म्हणजे आमच्या सोसायटीला रंग लागतोय. खिडकीबाहेर बांबूच्या परांच्या उभ्या आहेत, त्यांवर बसून दोघं भाऊ दिवसभर भिंत खरवडतात आणि सकाळच्या चहालासुद्धा रंगाचा वास येतो. हा वास आला की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, वय झालं. वय झालं हे मी नाकारत नाही, पण ही चिडचिड वयाची नाही. ती तीन वर्षांपूर्वीच्या दसरा ते दिवाळी या दिवसांची आहे, आणि तिचं कारण एका गाडीची डिकी आहे. डिकी म्हणजे तीही बाहेरून नाही, आतून.

गाडीचं आधी सांगतो. एके काळी आपल्याकडे रस्त्यावर दोनच जातींच्या गाड्या असायच्या, एक थोरली आणि एक धाकटी. आमची धाकटी. नौपाड्यातल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात ती वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी होती. डॉक्टर गेले, मुलगा बंगला पाडायला निघाला आणि गाडी माझ्याकडे आली. फिकट निळी, पावसाने धुतलेल्या आकाशासारखी वगैरे काही नाही, साधी शाळेच्या भिंतीला असतो तशा निळ्या रंगाची. इंजिन, ब्रेक, सीटा, काचांची रबरं यांत दोन वर्षं गेली आणि ती मजेत गेली. शेवटी राहिली डिकी. खिडक्यांच्या गजांना लावून उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट डॉक्टरांनी कधीतरी डिकीत आतून ब्रशने फासला होता. तो काढायचा आणि कारखान्यातून आला होता तसा रंग आत मारायचा, एवढंच काम. ‘एवढंच’ हा शब्द मी त्या महिन्यात जितक्या वेळा वापरला तितक्या वेळा तोंडावर आपटलो.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एक स्वतंत्र पंथ असतो. वर्षातून एकदा सगळे जण एखाद्या मैदानात गाड्या आणून उभ्या करतात, आणि टोपी घातलेले परीक्षक बॅटरी घेऊन गाडीखाली आडवे होतात. त्यांचा नियम असा की गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, तशीच पाहिजे. वाईट असली तर गुण कापतात, आणि कारखान्याने केली होती त्यापेक्षा चांगली असली तरी कापतात. बायकोला हा नियम सांगितला तेव्हा तिने भाजी चिरणं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, की डिकी उघडून आत बघतो कोण? मी म्हटलं, परीक्षक बघतात. ती म्हणाली, मग त्यांनाच रंगवू दे.

मला मात्र तो नियम पहिल्या दिवसापासून पटला होता. मी एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कंपनीत क्वालिटीला आहे. नमुना आणि माल यांत फरक दिसला की माल परत, हे मी तीस वर्षं करत आलोय. माल नमुन्यापेक्षा सुंदर आहे, असं म्हणून कोणी सोडून दिल्याचं मला माहीत नाही. आता स्पर्धेचा निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. डिकीचे गुण आम्हाला मिळाले नाहीत. परीक्षकांनी बॅटरी आत फिरवली, मान हलवली आणि कागदावर काट मारली. का मारली, ते या लेखाच्या शेवटी कळेल.

तर कारखान्यातून निघताना ही डिकी आतून कशी असायची? वाईट असायची. बाहेरच्या पत्र्याला रंगाचे हातावर हात, मधे पाण्याने घासणं, शेवटी चकाकी, सगळे लाड. आत मात्र राखाडी प्रायमर आणि त्याच्यावर बाहेरचाच रंग घाईघाईत मारलेला, दोन हात. मधोमध निळा, कडांकडे पातळ होत गेलेला, आणि डाव्या बाजूला चाकाच्या फुगवट्यामागे जो कोपरा असतो तिथे तर पोचलेलाच नाही. तिथे नुसती राखाडी आणि तिच्यावर निळी भुकटी. गनमधून लांबून उडालेला रंग वाटेतच वाळतो आणि पिठासारखा येऊन बसतो, त्याला त्या खात्यातले लोक भुरका म्हणत. ताकाचा मारतात तो वेगळा.

हे मला कुठल्या पुस्तकातून नव्हे, लहानपणी घरी येणाऱ्या कामगारांच्या गप्पांतून कळलं होतं. माझे वडील, अण्णा, मोटारीच्या कारखान्यात रंगखात्यात होते. संगमेश्वराहून एकोणिसाव्या वर्षी आले, चिकटले ते निवृत्त होईपर्यंत, आणि त्यातली बहुतेक वर्षं त्यांचं काम एकच होतं, डिकी आतून रंगवायची. आमची धाकटी त्याच कारखान्यातली आणि तिचं सालही अण्णांच्या नोकरीतलं. म्हणजे डॉक्टरांच्या चॉकलेटी रंगाखाली जो रंग होता, तो अण्णांच्या हातचा असायची शक्यता बरीच होती. मला गुण हवे होते, हे खोटं नाही. पण त्याहून मला तो रंग हवा होता. माझ्या बापाने आयुष्यभर केलेलं काम आज जगात कुठेही बघायला मिळत नाही, भंगारात गेलं, आणि ते एका हातभर जागेत परत आणता येईल असं मला वाटत होतं.

लहानपणी आम्ही कोपरीला चाळीत राहायचो. संध्याकाळी अण्णा आले की मी आणि माझी बहीण त्यांच्या कानामागे बघायचो. तिथे हमखास रंग राहिलेला असायचा. हिरवा असला की आज हिरव्या गाड्या निघाल्या, काळा असला की काळ्या. आई चिंधीला रॉकेल लावून ते पुसायची आणि पुसताना म्हणायची, आंघोळ करताना मान वळत नाही का? आज कुठला रंग निघणार यावर आमच्या पैजा लागायच्या, आणि हरणाऱ्याने दुसऱ्याची बादली भरायची. दिवाळी जवळ आली की अख्खी चाळ रंगकाम काढायची. घरोघरी चुन्यात नीळ कालवली जायची, पोरं ब्रश मागत फिरायची. आमच्या घराला मात्र शेजारचे काका रंग द्यायचे, आणि अण्णा बाहेर गॅलरीत पाठ करून पेपर वाचत बसायचे. घरच्या भिंतीला त्यांनी कधी ब्रश लावला नाही. तेव्हा आम्हाला वाटायचं, मोठे कारागीर आहेत, किरकोळ काम करत नाहीत.

म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने कोपरीला गेलो. अण्णा अजूनही तिथेच राहतात, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, बहिणीकडे. ऐंशी ओलांडलेत, पण नजर शाबूत आणि जीभ तर त्याहून. मी त्यांना फोटो दाखवले. सुटं चाक ठेवायच्या पट्टीखाली डॉक्टरांचा ब्रश पोचला नव्हता, तिथे तळहाताएवढा मूळ रंग शिल्लक होता. राखाडीवर निळा, निळ्यावर भुरका. मी म्हटलं, अण्णा, बघा, हा बहुतेक तुमचाच हात. त्यांनी चष्मा लावला, फोटो बघितला, चष्मा काढला.

“अरे, पाट्या टाकल्यात त्या,” ते म्हणाले. “त्याची कसली नक्कल करतोस?”

पुढे मी कितीही विचारलं तरी त्यांनी बर्फीच्या तुकड्यापलीकडे काही हाती लागू दिलं नाही. गन किती लांब धरायचे, हात कुठून कुठे फिरवायचे, थिनर किती घालायचे, सगळ्यावर एकच उत्तर, नीट करून घे, दोन हात भरून मारायला सांग, वर चकाकी घे. मी म्हटलं, गुण जातील. त्यावर ते हसले आणि म्हणाले, आमचा सुपरवायझर रंग कमी पडला की बोलायचा, आता तू रंग जास्त झाला म्हणून बोल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी उठून आलो.

राहता राहिला रंगारी. बाळाराम भोईर हा जुन्या गाड्यांच्या रंगातला माणूस, मूळचा कल्याणचा. तिथली धूळ रंगावर बसते म्हणून त्याने खडवलीला, स्टेशनापासून थोडं आत, नदीच्या रस्त्यावर शेड टाकली. आजूबाजूला शेतं, हवा स्वच्छ. फक्त ऑक्टोबरमध्ये तिथे भात कापतात, झोडतात, आणि सगळ्या पंचक्रोशीत बारीक पिवळं तूस उडत असतं, याचा विचार शेड टाकताना त्याने केला नसावा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेंढ्या पसरल्या होत्या. कापलेल्या भाताचा वास आणि शेडमधून येणारा थिनरचा वास दारापाशी एकमेकांत मिसळत होते. तो मिसळलेला वास मला आजही नाकात येतो आणि लगेच रागही येतो.

बाळारामला मी सगळं समजावलं. त्याने मान डोलावली. चार दिवसांनी त्याचा फोन आला, झालंय, या. गेलो. डिकी उघडली तर आत माझं तोंड दिसलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखा, गुळगुळीत, चकचकीत निळा. एवढा सुंदर रंग गाडीच्या बाहेरच्या अंगालाही नव्हता. मी त्याला म्हटलं, बाळारामभाऊ, हे नको होतं, घाईत मारल्यासारखं हवं होतं. तो खाली बघत म्हणाला, मारायला तसंच घेतलं होतं, पण मारता मारता चांगलं झालं.

मग ते घासून काढलं आणि दुसऱ्यांदा मारलं. या वेळी त्याने मनावर दगड ठेवून वाईट काम केलं. पण वाईटही किती निगुतीने? चारही कडांना मोजून वीतभर राखाडी सोडलेली, आणि तिच्यावर निळे ठिपके, सारख्या अंतरावर, टूथब्रशने उडवलेले. दिवाळीच्या ठिपक्यांच्या रांगोळीत आणि त्यात फरक एवढाच की रेघा जोडायच्या राहिल्या होत्या. मी हात टेकले. त्याला म्हटलं, अहो, असं ठरवून नका करू, बेफिकीर करा. त्याने गन खाली ठेवली आणि पहिल्यांदाच थोडा चिडून बोलला.

“दादा, गारी तुमची हाय, पन हात माझा हाय,” तो म्हणाला. “वाकरा काम करायला मना शिकवलाच नाय कोनी.”

तीस वर्षं मी लोकांना चांगलं काम करा म्हणून ओरडत आलो, आणि समोर एक माणूस चांगलंच काम करतो म्हणून मी त्याच्यावर डोळे काढत होतो. तरी राग यायचा तो आलाच. तिसऱ्या वेळी रंग खरोखरच बरा उतरत होता, बाळाराम दुसरीकडे बघत गन फिरवत होता, आणि नेमकं तेव्हा शेजारच्या खळ्यात झोडणी सुरू झाली. ओल्या रंगावर तूस येऊन बसलं. ते तूस टोकाला काटेरी असतं, चिकटलं की निघत नाही, आणि काढायला गेलं की रंगासकट निघतं.

मधल्या काळात सल्ले सुरूच होते. सोसायटीतल्या प्रत्येकाला डिकीबद्दल मत होतं. एकाने मॅट टाकायला सांगितली, एकाने आत लाल दिवा बसवायला. कल्याणला रंगाच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने मशीनवर रंग काढून दिला, आणि वर स्वतःच्या मनाने त्यात थोडी चमक टाकली, कारण आजकाल सगळे चमकवालाच नेतात. मी म्हटलं, मला पन्नास वर्षांपूर्वीचा पाहिजे, पटकन वाळणारा, जुन्या जातीचा. तो म्हणाला, काका, वाळायची घाई असेल तर उन्हात ठेवा. डबा बदलायला तीन खेपा झाल्या. घरी बायको चकलीच्या भाजणीत पळी फिरवत होती. मी काही बोलायच्या आत तिने सांगून टाकलं, की डिकी हा शब्द दिवाळीपर्यंत या घरात नको.

आणि मग तो प्रकार झाला. बाळारामने मनात खंत धरली होती की आपल्याकडून दादांचं काम होत नाही. म्हणून पुढच्या खेपेला मी जायच्या आत त्याने सगळी डिकी पत्र्यापर्यंत साफ करून ठेवली. सगळी म्हणजे सुट्या चाकाच्या पट्टीखालचा तो तळहाताएवढा तुकडासुद्धा. पट्टी खोलून, घासून, पुसून, वर ताजा राखाडी प्रायमर मारून तयार. “तेव्हढाच घान राहिला होता, तो पन काढला,” त्याने आनंदाने सांगितलं. नमुना गेला. क्वालिटीच्या माणसाचा नमुना गेला म्हणजे काय होतं, ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. मी ओरडलो नाही. बाहेर जाऊन बांधावर बसलो. समोर बायका वाकून भात कापत होत्या, त्यातली एक सरळ झाली, कमरेवर हात ठेवून तिने मला बघितलं आणि पुन्हा वाकली. फोटो होते माझ्याकडे, पण फोटोत रंग बोटाला लागत नाही. आता तो हात माहीत असलेला माणूस जगात एकच उरला होता, आणि तो सांगायला तयार नव्हता.

दुसऱ्यांदा कोपरीला गेलो तो भांडायच्याच तयारीने. बहिणीने चहा ठेवला तोही नको म्हटलं. अण्णांना म्हटलं, मला थिनर नको, गन नको, एकच सांगा, डावा कोपरा कोरा का राहायचा? प्रत्येक गाडीत तोच कोपरा. हात पोचत नव्हता का?

“हात पोचायचा,” अण्णा म्हणाले. “दम पुरायचा नाही.”

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज अगदी रोजचा होता. गाडीचं नुसतं खोकं ट्रॉलीवरून यायचं. डिकीत कमरेपर्यंत वाकावं लागायचं, आणि आत फवारा सुरू झाला की तिथे हवा म्हणून राहायची नाही. तोंडाला ओला रुमाल असायचा, पण त्याने काय होणार? आत श्वास घेतला तर संध्याकाळी डोकं फुटायचं, जेवण जायचं नाही. म्हणून सगळ्यांनी एक पद्धत बसवली होती. बाहेर छाती भरून घ्यायची, वाकायचं, उजवीकडून डावीकडे एक हात, डावीकडून उजवीकडे दुसरा, आणि दम संपायच्या आत बाहेर. फुगवट्यामागच्या डाव्या कोपऱ्याकडे वळेपर्यंत दम संपलेला असायचा. बाहेर येऊन श्वास घेईपर्यंत ते खोकं पुढे सरकलेलं असायचं आणि दुसरं आलेलं असायचं. परत जायचा प्रश्नच नव्हता.

“आता तो कोपरा तुला पाहिजे,” अण्णा म्हणाले, “आणि मला त्याचीच लाज.”

येताना कोपरीचा पूल ओलांडेपर्यंत मी काहीच विचार केला नाही. नंतर एकदम सगळं सुचायला लागलं. आम्ही कानामागे रंग बघून पैजा लावायचो. बापाने रोज दिवसभर श्वास रोखून ठेवलाय, हे कानामागे बघून कळत नाही. दिवाळीत गॅलरीत पाठ करून बसायचे ते कारागिरीच्या तोऱ्याने नव्हे, घरात भिंतीला लागणाऱ्या रंगाचा वास नको म्हणून. मी ज्याला मूळ रंग, अस्सल रंग, कारखान्याचा रंग म्हणत इतके दिवस नाचत होतो, तो एका माणसाचा दम कुठे संपला त्याची खूण होती. चिडचिड गेली नाही. पण ती आता बाळारामवर करता येईना, तूस उडवणाऱ्यांवर येईना, अण्णांवर तर नाहीच. आणि तरी, हेही कबूल करतो, तो कोपरा मला आता आधीपेक्षा जास्त हवासा वाटायला लागला. जसा होता तसा, कोरा. त्यात माझा बाप होता.

यंदाचीच गोष्ट, परवा खिडकीतून मी परांचीवरच्या त्या दोघा भावांतल्या धाकट्याला विचारलं, की सज्ज्याखाली आतल्या बाजूला दोन हात मारतोस ना नीट? तो हसला आणि म्हणाला, काका, तिकडे कोण बघतं. त्याच्या तोंडाला गमछा होता.

तर त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या रविवारी अण्णांचा फोन आला. बाळारामच्या तीन हातांची कहाणी बहिणीने त्यांना सांगितली होती. म्हणाले, वाईट काम करत नाही म्हणतो तो, त्या भल्या माणसाला का छळतोस? मीच येतो. बायकोने ऐकलं तेव्हा पहिल्यांदाच ती माझ्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही, सरळ घाबरून बोलली, की या वयात त्यांना रंगाच्या वासात नेऊ नकोस. पण अण्णांना नको म्हणणारा माणूस आमच्या घरात अजून जन्माला यायचाय. चांगला मास्क घ्यायचा, दारं सगळी उघडी ठेवायची, एवढ्या अटीवर निघालो.

खडवलीला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. बाळारामने शेजारच्या खळ्यातल्या आपल्या चुलतभावाला सांगून दुपारपर्यंत झोडणी बंद ठेवली होती. शेडच्या पत्र्यावर ऊन तापायला लागलेलं, हवा जागच्या जागी. अण्णांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, गन हातात घेतली, वजन बघितलं, आणि जुन्या वर्तमानपत्रावर एकदा फवारून मागचा स्क्रू किंचित फिरवला. मास्क पुढे केला तर म्हणाले, नंतर. खिशातून रुमाल काढून पाण्यात बुडवला आणि तोंडाला बांधला. मी काही म्हणायच्या आत त्यांनी छाती भरून घेतली आणि वाकले.

मी घड्याळ बघितलं नाही. पण त्यांच्याबरोबर नकळत मीही श्वास धरला होता, आणि माझा आधी सुटला. उजवीकडून डावीकडे एक हात. डावीकडून उजवीकडे दुसरा. मग अण्णा बाहेर आले, रुमाल खाली ओढला आणि शेडच्या खांबाला धरून धापा टाकत उभे राहिले. बाळारामने त्यांच्यासाठी स्टूल आणलं. मी आधी अण्णांकडे बघितलं, ते ठीक आहेत म्हणाले, आणि मग डिकीत बघितलं.

तोच होता. मधे निळा, कडांना पातळ, डावा कोपरा कोरा राखाडी, आणि त्याच्यावर भुरका. मी फोनमधला त्या तळहाताएवढ्या तुकड्याचा फोटो काढून शेजारी धरला. फरक नव्हता. इतके दिवस ज्याच्यासाठी मी जिवाचा आटापिटा केला ते माझ्यासमोर होतं, आणि मी भराभर फोटो काढत सुटलो, समोरून, बाजूने, कोपऱ्याचे तर दहा-बारा. बाळारामही वाकून बघत होता. इतका वेळ त्याला जे जमत नव्हतं ते कसं दिसतं, हे त्याला आता कळत होतं.

उन्हाने रंग लगेच वाळला. अण्णा स्टुलावरून उठले आणि बॅटरी मागितली. ती घेऊन ते डिकीपाशी आले आणि आत बघत राहिले. बराच वेळ बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी आपलं काम असं उभं राहून कधी बघितलंच नव्हतं, ते बघायच्या आत पुढे सरकलेलं असायचं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“हे असं जायचं होय लोकांकडे,” ते हळूच म्हणाले. मग बाळारामकडे वळून म्हणाले, “द्या तो मास्क.”

बाळारामने मास्क दिला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं की आता अण्णांनी गन उचलली तर हा रंग पुन्हा मिळणार नाही. मलाही माहीत होतं. अण्णा, राहू दे, पुरे, एवढं म्हटलं असतं तर ते थांबलेही असते, गाडी माझी होती. मी फोन खिशात ठेवला. कॉम्प्रेसरची नळी डिकीच्या कडेला घासत होती, ती उचलून दोन्ही हातांनी वर धरली आणि बाळारामला मानेने हो म्हटलं.

अण्णांनी मास्क बांधला, पट्टे ओढून बघितले आणि तिसरा हात सुरू केला. सावकाश, उजवीकडून, एका वेळी हातभर. कडा भरल्या, भुरका बुजला, निळा गडद होत गेला. डाव्या कोपऱ्यापाशी पोचल्यावर ते थांबले. गन बाजूला धरली, सरळ झाले, आणि मास्कमधून संथपणे दोन-तीन श्वास घेतले. बाहेर शेतात कोणीतरी कोणाला हाक मारत होतं, झोडणी अजून बंदच होती. मग अण्णा पुन्हा आत वाकले.